स्वहस्तें म्हणजे काय?

गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत डेन्व्हर येथें माझ्या भाच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. तेथें एका रविवारीं घडलेल्या लहानशा प्रसंगानें माझ्या मनांत जो प्रश्न उभा केला, तो वाचकांपुढें मांडावा असें वाटतें. प्रसंग घरीं बीअर करण्याचा आहे, एवढ्यावरून कोणीं बिचकूं नये. मी स्वतः मद्य घेत नाहीं. आणि आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें परवान्यावांचून घरीं मद्य तयार करणें हा अपराध आहे, हेंहि मला ठाऊक आहे. अमेरिकेंत मात्र १९७८ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्यामुळें प्रौढ माणसानें आपल्या घरापुरती वर्षाला शंभर गॅलनपर्यंत बीअर करण्यास मध्यवर्ती सरकारची हरकत उरली नाहीं, आणि पुढें हा तेथील अनेक सुशिक्षित गृहस्थांचा सुटीचा उद्योग होऊन बसला. मद्यपानाच्या बऱ्यावाईटाचा प्रश्न निराळा. आज मला बोलावयाचें आहे तें हाताविषयीं आणि यंत्राविषयीं.

भाच्याचा कारखाना मोटार ठेवण्याच्या खोलींत. मोड आणून वाळविलेले व भरडलेले जव सुमारें ६६ अंश उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवावयाचे, म्हणजे त्यांतील पिठाची साखर होते. तो गोड काढा गाळून, हॉप्स नांवाच्या वेलीचीं फुलें घालून तासभर उकळावयाचा. मग शक्य तितक्या लवकर निववून त्यांत यीस्ट सोडावयाचें. या खटाटोपांत वीस लिटर कढत काढा एका भांड्यांतून दुसऱ्यांत न्यावा लागतो. पूर्वीं भाचा तें भांडें उचलून वरच्या फळीवर ठेवीत असे. दोन वर्षांपूर्वीं तें कलंडलें आणि काढा त्याच्या उजव्या हातावर सांडला. कोपरापासून मनगटापर्यंतचा डाग त्यानें मला दाखविला व म्हणाला, "मामा, आईला मात्र सांगूं नका." (पुढें त्यानें स्वतःच तिला सांगितलें, म्हणून येथें लिहिण्यास हरकत नाहीं.)

यासाठीं त्यानें यंदा बारा व्होल्टचा एक पंप बसविला. पंप केवढा, तर मुठीएवढा. भिंतींतील १२० व्होल्टचा प्रवाह एका लहान पेटीनें १२ व्होल्टवर आणलेला. जेथें सारखी सांडलवंड व्हावयाची तेथें विजेचा दाब असा सौम्यच बरा. पंप दीड अँपिअर, म्हणजे अठरा वॅट वीज खातो. त्याच्या आंतील चक्र चुंबकाच्या ओढीनें फिरतें; दांडा भिंतींतून आरपार गेलेला नसल्यामुळें तेथून गळण्याची भीति नाहीं. परंतु या गड्याचें एक वैगुण्य आहे. त्याला स्वतः होऊन द्रव ओढून घेतां येत नाहीं. तो भांड्याच्या तोटीखालीं बसवावा लागतो, म्हणजे काढा आपल्या वजनानें उतरून त्याचें पोट भरतो. मग कळ दाबावयाची. कोरडा फिरला तर तो बिघडतो, कारण ज्या द्रवाला तो ढकलतो तोच त्याचें वंगण. वेग कमी करणें झाल्यास पंपाच्या पुढची तोटी आवळावी, मागची आवळूं नये. एवढें शिकण्यांत भाच्याचे दोन रविवार गेले.

शेजारीं एक वृद्ध सुतार राहतो. तोहि तीस वर्षें हाच उद्योग करीत आला आहे आणि अजून भांडीं हातानेंच उचलतो. त्यानें पंप कौतुकानें पाहिला आणि हंसून म्हटलें, "छान आहे, पण आतां ही बीअर तुझी नव्हे, पंपाची." भाचाहि हंसला, पण जेवतांना मला म्हणाला, "मामा, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवितां. म्हातारा खरें बोलला का?"

मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. तें वाक्य माझ्या ओळखीचें होतें. १९८५ च्या सुमारास आमच्या घरीं मिक्सर आणण्याची गोष्ट निघाली, तेव्हां वडील म्हणाले होते कीं, पाट्यावरच्या चटणीची चव यंत्राला यावयाची नाहीं. मी नुकताच कॉलेजांत गेलेला, हस्तश्रमाच्या गौरवानें भारलेला. मींहि त्यांचीच री ओढली. आई कांहीं बोलली नाहीं. मिक्सर आणखी चार वर्षें आला नाहीं. आणि त्या चार वर्षांत पाट्यापुढें बसून वरवंटा ओढणारे हात ना वडिलांचे होते, ना माझे.

या वादाची परंपरा जुनी आहे. च्वांग्-त्सूच्या ग्रंथांत एक म्हातारा माळी घड्यांनीं पाणी वाहतांना कन्फ्यूशियसच्या एका शिष्याला दिसतो. शिष्य त्याला पाणी उपसण्याच्या दांड्याची युक्ति सांगतो. माळी म्हणतो कीं, युक्ति मला ठाऊक आहे, पण ती वापरण्याची लाज वाटते. यंत्र वापरणाऱ्याचें मनहि यंत्रासारखें होतें. उलट ॲरिस्टॉटलनें 'राजनीति'च्या पहिल्याच भागांत लिहून ठेविलें आहे कीं, धोटे आपोआप विणूं लागले तर धन्यांना दासांची गरज उरणार नाहीं. माळी आपल्या स्वतःच्या श्रमांविषयीं बोलतो. ॲरिस्टॉटल दुसऱ्याकडून करून घेतलेल्या श्रमांविषयीं. हा भेद मीं १९८५ सालीं ध्यानांत घेतला नव्हता. गांधीजींनीं तो घेतला होता. यंत्रांच्या हव्यासाला त्यांचा विरोध. पण १९२४ सालीं या विषयावर बोलतांना त्यांनीं सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला, आणि तो अशासाठीं कीं, त्या शोधाच्या मुळाशीं पत्नीचे कष्ट पाहून कळवळलेल्या माणसाचें प्रेम आहे, असें ते मानीत. श्रमाचें पुण्य गावयाचें तर तें श्रम करणारानें गावें. दुसऱ्याच्या तोंडीं तें शोभत नाहीं. सुताराला तो अधिकार होता, मला नव्हता.

परंतु अधिकार असला म्हणून म्हणणें खरें ठरतेंच असें नाहीं. वीस लिटर काढा एक मीटर उंच चढविण्याला सुमारें दोनशे जूल शक्ति लागते. जिन्याच्या दोन पायऱ्या चढतांना माझें शरीर तितकेंच ओझें वर नेतें. म्हणजे पंपानें वांचविलेले श्रम नगण्य आहेत. त्यानें वांचविला तो धोका. आणि भाजण्याच्या धोक्यानें कोणतीहि वस्तु अधिक आपली होते, असें मला वाटत नाहीं. शिवाय 'करणें' या शब्दाचाच अर्थ येथें तपासला पाहिजे. पाश्चरनें १८७६ च्या आपल्या बीअरवरील ग्रंथांत दाखविलें कीं, आंबविण्याचें काम सूक्ष्म जीव करितात. सुताराच्या बीअरमध्येंहि शेवटचें काम त्याच्या हाताचें नव्हेच. आपली भाषा याबाबतींत फार प्रामाणिक आहे. आपण दही 'करीत' नाहीं, 'लावतों'. आणि तें आपल्या वेळेनें 'लागतें'. दूध किती कोमट असावें, विरजण किती घालावें, भांडें कोठें ठेवावें, हें जाणणें एवढेंच आपलें. तेव्हां भार आणि धोका यंत्राला खुशाल द्यावा. आपलेपणा राहतो तो लक्षांत.

हें मी भाच्याला सांगत असतांनाच पंपाचा आवाज बदलला. मंद घुरघुर होती ती कर्कश झाली. वरचें भांडें रिकामें झालें होतें आणि पंप कोरडा फिरत होता. भाच्यानें धांवत जाऊन कळ बंद केली. पंप वांचला; पण माझा सिद्धान्त थोडा खरचटला. भांडें हातांत असतें तर तें रिकामें झाल्याचें हातालाच कळलें असतें. यंत्र भार घेतें आणि त्याबरोबर लक्षहि घेऊन जाऊं पाहतें, हें माळ्याचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. फरक इतकाच कीं, हें दुसरें देणें आपल्या हातीं असतें. तें नाकारतां येतें.

म्हणून भाच्याला मीं शेवटीं एकच कसोटी सांगितली. "बीअर बिघडली तर कोणाचें चुकलें, हें तुला सांगतां आलें पाहिजे, आणि तें आपलें चुकलें असें म्हणतां आलें पाहिजे. ज्या दिवशीं तूं पंपाकडे बोट दाखवशील, त्या दिवशीं म्हातारा खरा." तो म्हणाला, "आज माझें चुकलें, मामा." तेवढ्यानें माझ्या मतें ती बीअर त्याची ठरली.

आमच्या घरीं मिक्सर आला तेव्हां आईनें पहिली चटणी वाटली, चाखली आणि "मीठ कमी पडलें माझें" एवढेंच म्हणाली. वडिलांना व मला चवींत फरक कळला नाहीं. त्या चार वर्षांबद्दल तिची क्षमा मागावी असें डेन्व्हरहून परततांना वाटलें. पण तिला जाऊन आतां नऊ वर्षें झालीं आहेत.