बुटातलं नाव

थोरला पोरगा टेक्सासात नोकरीला आहे. दोन वर्षांमागं मी त्याच्याकडं तीन महिने राहिलो. घरातल्या फळीवर काऊबॉय बुटांचे सात जोड ओळीनं मांडलेले. पोरगा दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसणारा, घोड्याला कधी हात लावला नाही. रविवारी मात्र ते बूट, रुंद कडांची टोपी, चापबटणांचा सदरा घालून बाहेर पडायचा.

मी म्हटलं, "आरं, हे गुराख्याचं सोंग कशापायी?"

तो म्हणाला, "आबा, एकदा हातात घेऊन तरी बघा."

घेतला. कामाची वस्तू शेतकऱ्याच्या हाताला कळते. टोक निमुळतं, पाय रिकिबीत चटकन शिरावा म्हणून. टाच उंच, तो आरपार निसटू नये म्हणून. नळी पोटरीपर्यंत, काट्याकुट्यापासून राखण. नाडी नाही, घोड्यानं पाडलंच तर पाय बुटातून सुटावा, माणूस फरफटत जाऊ नये. कुणाच्या तरी जिवावर बेतल्याशिवाय असलं शहाणपण येत नाही. ही रीत मुळात मेक्सिकोच्या वाकेरो गुराख्यांची. काऊबॉयांत काळे लोकही पुष्कळ होते. सिनेमात बहुतेक गोरेच दिसले.

मग मनात आलं, जे काम आपण करत नाही, त्याचा वेश घालावा का? आधी वाटलं, घालू नये. पण शहरातली मंडळी लग्नात फेटा बांधून, कोल्हापुरी घालून मिरवतात, तेव्हा मला बरंच वाटतं. मी तरी धोतर सोडून पँटीत आलोच की. तेव्हा वेशावर कुणाची मालकी सांगता येत नाही.

पण पोरानं बूट उलगडून नळीच्या आतलं नाव दाखवलं. बनवणाऱ्याचं. ते तो मोठ्या अभिमानानं वाचत होता, आणि मला माझ्या बापाच्या वहाणा आठवल्या.

त्या गावातल्याच माणसानं शिवलेल्या. तेलपाणी करून वर्षानुवर्षं चालल्या. बदल्यात सुगीला बलुतं. त्याच्या हातच्या वहाणा आमच्या ओट्यापर्यंत यायच्या, तो खाली अंगणात उभा. त्याच्या ओंजळीत वरून पाणी मीही ओतलं आहे. हाक मारायची ती जातीनंच. बापानं नाव विचारलं नाही, मीही नाही.

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. जिल्ह्यांची नावं कागदावर आली, चांगलं झालं.

घालणाऱ्यानं खुशाल घालावं. पण ज्याच्या हातानं पाय राखला, त्याचं नाव निदान ठाऊक असावं.

गावी परतल्यावर त्याच्या नातवाकडं गेलो. आजोबांचं नाव विचारलं. त्यानं पूर्ण सांगितलं, बापाच्या नावासकट. मग म्हणाला, "काका, आत्ता कशाला विचारताय?"

मी त्याच्या ओट्यावर बसलो. त्यानं पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला.