फांद्यांचं कुंपण

बीडजवळच्या पालीच्या बिंदुसरा तलावाजवळून राष्ट्रीय महामार्ग 52 मांजरसुंब्याचा घाट चढतो, बालाघाटाच्या पठारावर येतो आणि पुढं येडशीच्या रानाजवळून सोलापूरकडे निघून जातो. त्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात, जेमतेम 22 चौरस किलोमीटरच्या झुडपी जंगलात, डिसेंबर 2024 मध्ये कॅमेऱ्यात एक वाघ उमटला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर कळलं की तो यवतमाळकडच्या टिपेश्वरचा आहे आणि सुमारे साडेचारशे किलोमीटर चालून इथवर आला आहे. वनखात्यानं ठरवलं, की त्याला बेशुद्ध करायचं, गळ्यात रेडिओ कॉलर घालायची आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडायचं. पथकं आली, पिंजरे आले, महिने उलटले, पण वाघ काही हाती लागेना. तो सापडायला हवा होता की नको, हा वनखात्याच्या व्यवहाराचा प्रश्न झाला. त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. ज्याला वाचवायचं, त्याच्यावरच आधी नेम धरायचा, त्याला सुई टोचून पाडायचं आणि त्याच्या गळ्यात जन्मात न मागितलेली वस्तू बांधायची, याला दया म्हणायचं का? हा प्रश्न धर्माचा आहे, आणि गोदावरीच्या या खोऱ्यात त्याची चर्चा सातशे वर्षांपूर्वीच झाली आहे.

ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला सांगितली गेली. तिच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना ‘अहिंसा’ हा एक शब्द येतो आणि ज्ञानेश्वर तिथं चांगलेच रेंगाळतात. स्वतःचं मत मांडण्याआधी ते इतरांची मतं तपासतात. पाऊस पडावा, लोकांचं भलं व्हावं म्हणून यज्ञात पशू मारणाऱ्या मीमांसकांना ते विचारतात, की झाडाच्या फांद्या तोडून त्यांचंच बुंध्याला कुंपण घालावं, तशी ही अहिंसा नव्हे का? मग ते वैद्यकाकडे वळतात. एक जीव जगावा म्हणून दुसरी झाडं उपटायची, त्यांच्या साली सोलायच्या, आणि ज्यांनी कोणाचं काही वाकडं केलं नाही अशा वृक्षांच्या अंगावर घाव घालायचे, यावर त्यांचा उपरोध फार धारदार होतो. माझ्या वाचनात ज्ञानेश्वरांचा राग औषधावर नाही. वैद्यानं मुळ्या खणू नयेत, रोगी मेला तरी चालेल, असं ते म्हणत नाहीत. त्यांना खटकतं ते नाव. हिंसा करायची आणि तिला अहिंसा म्हणून मिरवायचं, म्हणजे हिशोबाच्या वहीतून देणंच खोडून टाकायचं. पुढं अहिंसक माणसाच्या चालण्याचं वर्णन येतं. आपल्या पावलाखाली कोण आहे याची त्याला इतकी धास्ती असते, की तो जमिनीवरही जपून पाय टाकतो. ती धास्ती उरलीच नाही, तर हातून झालेलं उपकाराचं कामही अहिंसा ठरत नाही.

या कसोटीवर कॅनडाच्या उत्तरेकडचं थंड रान तपासून पाहण्यासारखं आहे. कॅनडानं 29 सप्टेंबर 1962 रोजी ‘अलुएट-1’ हा आपला पहिला उपग्रह सोडला, तो मुख्यतः उत्तरेसाठी. ध्रुवीय प्रकाशाच्या त्या पट्ट्यात वातावरणाचा वरचा थर सारखा खळबळलेला असतो आणि रेडिओ संदेश मध्येच तुटतात. तो थर समजून घेणं हे त्या उपग्रहाचं काम होतं. 1995 मध्ये ‘रडारसॅट-1’ आला. ढग असोत की महिनोन्‌महिने टिकणारी ध्रुवीय रात्र, त्याला समुद्रावरचं बर्फ दिसायचं. 2019 पासून तशा तीन उपग्रहांचा ताफा वर फिरतो आहे. बर्फ वरून दिसतं, पण त्यावर चालणाऱ्या अस्वलाची वाट कळायची तर त्याच्याकडूनच संदेश यायला हवा. म्हणून हेलिकॉप्टरमधून त्याला गुंगीचं औषध मारायचं आणि गळ्यात ट्रान्समीटर बांधायचा, ही रीत पडली. जगातल्या ध्रुवीय अस्वलांपैकी अंदाजे दोन तृतीयांश कॅनडात आहेत आणि हडसन उपसागरातल्या अस्वलांची उपासमार नीट समजली ती बऱ्याच अंशी या अभ्यासातून. एक तपशील मात्र जाहिरातींत दिसत नाही. नर अस्वलाची मान डोक्यापेक्षा जाड असते, त्यामुळं पट्टा सटकतो. तेव्हा विज्ञानाचं हे ओझं गेली कित्येक दशकं प्रामुख्यानं माद्यांनी, त्यातही पिलं सांभाळणाऱ्या आयांनी वाहिलं आहे.

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातल्या इनुइट लोकांनी या प्रकाराला वेळोवेळी विरोध केला. हेलिकॉप्टरनं पाठलाग करणं, औषध टोचणं, गळ्यात यंत्र अडकवणं हा त्यांच्या दृष्टीनं प्राण्याचा अपमान आहे. अस्वलाला माणसाचं बोलणं आणि वागणं कळतं, त्याची टर उडवू नये, त्याला विनाकारण छळू नये, ही त्यांची जुनी शिकवण. यावर सरळ आक्षेप असा, की हेच लोक अस्वलाची शिकार करतात. मारलेलं चालतं आणि पट्टा चालत नाही, हा कुठला न्याय? वारकरी किंवा जैन घरात वाढलेल्या माणसाला तो पटणं कठीण आहे, मलाही पूर्ण पटत नाही. तरी त्यात सत्याचा एक कण आहे आणि तो नेमका ज्ञानेश्वरांच्या उपरोधाशी जुळतो. शिकारी आपल्या हिंसेला दया म्हणत नाही. आपण जीव घेतला हे त्याला ठाऊक असतं. म्हणून मांस वाया घालवायचं नाही, वाटून खायचं, बढाई मारायची नाही, अशी बंधनं तो स्वतःवर घालतो. देणं वहीत राहतं. संशोधकाच्या वहीत मात्र ‘अस्वलाच्या हितासाठी’ एवढीच नोंद असते. या विरोधाचा परिणामही झाला. काही भागांत आता अस्वलाला पकडण्याऐवजी दुरून छोटा बाण मारून त्वचेचा तुकडा घेतात आणि त्यावरून गणना करतात. केसांना चिकटवायच्या छोट्या ट्रान्समीटरचेही प्रयोग सुरू आहेत.

उलट बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती हलकी नाही. पट्टा नसता तर आपण अज्ञानात राहिलो असतो, आणि अज्ञानातून होणारी हिंसा पट्ट्याच्या हिंसेपेक्षा कितीतरी मोठी आहे. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाहेर काढून, विद्या अत्रेय यांच्या अभ्यासासाठी कॉलर घालून, माळशेज घाटात सोडलं. ‘आजोबा’ हे त्याचं नाव पुढं चित्रपटामुळं घरोघरी गेलं. सुमारे 120 किलोमीटर चालून, महामार्ग आणि खाडी ओलांडून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत वस्त्या लागल्या, पण त्यानं माणसावर हल्ला केला नाही. बिबट्या दिसला की पिंजरा लावून दूर सोडून यायचं, ही पद्धत किती फोल आहे, हे समजायला त्या पट्ट्याची मोठी मदत झाली. टिपेश्वरचाच ‘वॉकर’ हा वाघ 2019-20 मध्ये नऊ महिन्यांत 3,000 किलोमीटरहून अधिक फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दिवसा दडायचं, रात्री शेतांच्या आणि ओढ्यांच्या आडोशानं सरकायचं, असा त्याचा प्रवास. तो कळला नसता तर येडशीच्या वाघाचं साडेचारशे किलोमीटर चालणं आपल्याला चमत्कार वाटलं असतं.

पण आजोबाची गोष्ट इथं संपत नाही. डिसेंबर 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेनं तो मेला. तो रस्ते कसे ओलांडतो, हे आपल्याला त्याच्याच गळ्यातून कळलं होतं. कळलं, त्यावर लेख झाले, चित्रपट झाला, आणि वाहनं होती तशीच धावत राहिली. ज्ञान आपोआप करुणा होत नाही. म्हणून पट्टा घालावा की नाही, या प्रश्नाचं उत्तर सुईच्या वेदनेत शोधून भागणार नाही, कारण ती वेदना खरोखर थोडी आहे. त्या माहितीनं शेवटी कोणाच्या हालचालीवर बंधन आलं, प्राण्याच्या की माणसाच्या, हे पाहायला हवं. लीळाचरित्रातली सशाची लीळा इथं आठवावी. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढं धावणारा ससा चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. शिकारी तो मागतात. स्वामी शरण आलेल्याला देत नाहीत, शिकाऱ्यांशी बोलतात आणि त्यांनाच हिंसेपासून परतवतात. मग ससा मोकळा होतो. वाट बदलावी लागली ती शिकाऱ्यांना. सशाला पिंजऱ्यात घालून सुरक्षित रानात नेऊन सोडलं असतं, तर तेही रक्षणच झालं असतं, पण ती लीळा कोणी लिहून ठेवली नसती.

आजच्या काळात याचं सर्वांत जवळचं उदाहरण पुन्हा उत्तरेतलं आहे. कॅनडाच्या वायव्य प्रदेशातला बाथर्स्ट कॅरिबू हरणांचा कळप 1986 मध्ये 4,70,000च्या आसपास होता, 2018 मध्ये तो 8,200 वर आला. कळपातल्या काही माद्यांच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारे पट्टे आहेत. त्यांच्या ठिकाणांवरून तिथलं सरकार शिकारबंदीचं क्षेत्र आखतं आणि कळप सरकला की हिवाळ्यात दर आठवड्याला ती सीमाही सरकते. माणसानं कुठं थांबायचं, हे हरणांच्या चालीवर ठरतं. यावर तिथल्या आदिवासींचा आक्षेप मात्र खणखणीत आहे आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही. एकाट आणि डायविक या हिऱ्यांच्या खाणी याच कळपाच्या मुलखात 1998 पासून एकामागून एक उघडल्या. चुलीसाठी शिकार करणाऱ्याची सीमा दर आठवड्याला सरकवणं सोपं असतं. खाण सरकवायची हिंमत कोणाची?

बीडकरांना हे लगेच कळेल. आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड मजुरांची कुटुंबं दर हंगामात पश्चिमेकडच्या फडांत जातात आणि बिबट्याची पिलं उसात सापडतात ती त्यांच्या कोयत्यापुढं. बिबट्या कुठं आहे याची सर्वांत जास्त गरज ज्यांना असते, त्यांच्यापर्यंत पट्ट्याची माहिती सहसा सर्वांत शेवटी पोचते. तेव्हा ‘माहितीनं माणसाला बांधावं’ एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या माणसाला, हेही विचारावं लागतं. मेंढपाळाला कुरणाबाहेर काढायचं आणि चौपदरी रस्त्याला हात लावायचा नाही, तर तेही फांद्यांचंच कुंपण, फक्त या खेपेला फांद्या माणसांच्या.

येडशीच्या वाघाबद्दल एक आक्षेप उरतो. त्यानं उद्या गुरं मारली, माणूस मारला तर? पट्टा नसेल तर सावध कोण करणार? आक्षेप रास्त आहे, आणि तेवढ्यापुरता पट्टा घालायलाही माझी हरकत नाही. मात्र नेम धरण्याआधी कागदावर दोन गोष्टी याव्यात. एक, हे करताना आपण त्याला इजा करतो आहोत. दुसरी, त्या इजेच्या बदल्यात कोण काय सोडणार. गुरांची भरपाई किती दिवसांत मिळणार, रात्री कोणत्या गावाला कोण फोन करणार, महामार्गाचा कोणता तुकडा उंच करणार. हे अशक्य कोटीतलं मागणं नाही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्ग 44 खाली, अनेक वर्षांच्या कोर्टकचेरीनंतर का होईना, प्राण्यांसाठी वाटा सोडल्या गेल्या आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ त्या वाटांनी जाताना दिसले. त्या वाटांवर कोणाच्या गळ्यात काही बांधावं लागत नाही. महामार्ग 52 रुंद करताना पाली ते येडशी या घाटमाथ्यावर अशा किती वाटा ठेवल्या, हे विचारायला वाघ पकडला जाईपर्यंत थांबायचं कारण नाही.