लक्षात ठेवणारी मुलगी

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्या वडिलांचा हयातीचा दाखला द्यायचा असतो. वडील सांगलीला, मुलगी ठाण्याला आणि ओटीपी येतो मुलीच्या फोनवर. बीपीची गोळी बदलली, मावशीकडच्या मुंजीचा आहेर राहिला, आई वहिनीवर रुसली आहे पण बोलत नाही, हेही तिलाच ठाऊक असतं. दवाखान्यात रात्रभर बसणं चारचौघांना दिसतं. लक्षात ठेवणं दिसत नाही, आणि खरा थकवा त्याचाच.

केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, घरकाम करणारे पुरुष 88. पण हे सर्वेक्षण दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटींत नोंदवतं. दादरला गाडी बदलताना आईला केलेला चार मिनिटांचा फोन त्यात कुठे बसवणार? लोकलमध्ये उभ्याने केलेली काळजी तर प्रवासातच जमा.

कायद्याने मुलीला कधीच हिशेबात धरलेलं नाही, असं आता म्हणता येत नाही. उशिरा का होईना, त्याने तिला धरलं. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली सांगितलं, की लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी असते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना महाराष्ट्राने 1994 मध्ये वाटा दिला, 2005 मध्ये देशाने. तरी वाटणीची वेळ आली की हक्कसोडपत्र पुढे येतं, तेही बहुधा राखीपौर्णिमेच्या गोडीने. भावाने केलं ते कर्तव्य, म्हणून त्याची नोंद राहते. मुलीने केलं ती माया, आणि मायेचा हिशेब मागणारी बाई वाईट ठरते. मला यातली सोय फार स्वच्छ दिसते.

भाऊ दुष्ट असतो असं नाही. “काही लागलं तर सांगा,” तो मनापासून म्हणतो. पण काय लागणार हे आधी ओळखायचं कुणी? शिवाय आईवडीलच त्याला वाचवतात: “त्याला कशाला त्रास, ऑफिसच्या गडबडीत असेल.” ऑफिस मुलीलाही असतं.

एका मैत्रिणीने घरपट्टीचं काम तारखेसकट भावाकडे दिलं आणि आठवण करून द्यायची नाही असं ठरवलं. मुदत गेली, दंड लागला. आईचा फोन अर्थातच हिला. “दादाला विचार,” एवढंच म्हणून तिने विषय बदलला. आई दोन दिवस बोलली नाही. पुढच्या वर्षीची पट्टी भावाने वेळेत भरली.