पंधरा सेकंद

दसऱ्याला घरी आलेल्या गाडीचा रात्री काढलेला फोटो बहुतेक घरांत एकाच छापाचा निघतो. नंबर प्लेट पांढरीफटक, तिच्यावरचा एकही आकडा वाचता येत नाही. बॉनेटवरचा झेंडूचा हार भगभगीत. आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती गाडी मागे काळोखात बुडालेली. काढणारा मग फोनला तरी दोष देतो, नाहीतर हौसेने घेतलेल्या नव्या कॅमेऱ्याला. त्या बिचाऱ्यांनी आपलं काम चोख केलेलं असतं. गाडीचा गुळगुळीत पत्रा म्हणजे आरसाच. फ्लॅशचा उजेड त्याच्यावर पडून भलतीकडे निघून जातो. नंबर प्लेटचं नेमकं उलट. एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना जी उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, तिच्यावरचा थर उजेड आला तिकडेच परत पाठवतो. मागून येणाऱ्याला रात्री नंबर दिसावा म्हणून ती सोय. फ्लॅश बसवलेला असतो कॅमेऱ्यावरच, तेव्हा तो सगळा लखलखाट थेट भिंगात येतो.

अंधार दिसला की त्याच्यावर उजेड फेकायचा, ही नवशिक्याची पहिली ऊर्मी. नवशिक्याचीच कशाला, आपल्या सगळ्यांचीच. रात्रीच्या रस्त्यावर उजेड कमी असतो, पण नसतो असं नाही. सोसायटीच्या फाटकावरचा दिवा, पलीकडच्या मेडिकलची पाटी, ढगांवरून परतलेली शहराची झाक, हे सगळं गाडीवर अखंड पडत असतं. आपण ते साचू देत नाही, इतकंच. डोळ्याला साठवण नाही. तो आधीचं पुसून सतत नवं पाहतो. कॅमेऱ्याचा पडदा मात्र उघडा राहिला, की पागोळीखाली ठेवलेल्या हंड्यासारखा आतला सेन्सर थेंब थेंब जमवत बसतो. हातात धरून काढलेला फोटो साधारण एक साठांश सेकंदाचा. तोच कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून पंधरा सेकंद उघडा राहू दिला, तर नऊशेपट उजेड आत येतो. एकही दिवा न वाढवता.

हिशेब फार नाही. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, वेळ १५ सेकंद, इथून सुरुवात करावी आणि फोटो बघून वेळ कमीजास्त करावी. बोटाने बटण दाबलं तरी कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. इंजिन बंद. हेडलाइट पूर्ण वेळ चालू राहिले तर फोटोत नुसते दोन पांढरे गोळे उरतात. पार्किंग लाइट पुरतात. ट्रायपॉड नसेल तर कंपाउंडची भिंत आणि तिच्यावर तांदळाची पिशवी. हे सगळं कुणीही शिकवतं. ते पंधरा सेकंद आपण काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही.

मला तर खरा अभ्यास तिथेच वाटतो. हात रिकामे. फोन काढायची सोय नाही, कारण त्याच्या पडद्याचा उजेड गाडीच्या दारावर उमटतो. मग निरुपायाने गाडीकडे बघणं होतं, आणि थोड्या वेळाने कळतं की दिसतंय ते गाडीचं अंग नव्हेच. समोरच्या इमारतीच्या खिडक्या, विजेची तार, कचऱ्याचा डबा, असं सगळं तिच्यावर उतरलंय. गाडी हातभर पुढे घेतली की डबा दारावरून निघून जातो. दिव्याची जातही अशीच उभ्याउभ्या ओळखू येते. सोडियमच्या दिव्याखाली पांढरी गाडी पिवळी आणि निळी गाडी जवळजवळ काळी दिसते. नंतर संगणकावर कितीही खटपट करा, जो रंग त्या दिव्यात नव्हताच तो परत येत नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवर २०१५मध्ये पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा क्वीन्स नेकलेस म्हणवल्या जाणाऱ्या त्या दिव्यांच्या माळेची रया गेली म्हणून केवढा गदारोळ झाला होता! तिथून रोज भरधाव जाणाऱ्यांनाही तो फरक खुपला. म्हणजे नजर आपल्याकडे असते. तिला उभं राहायला सवड नसते.

१९३०च्या सुमारास पॅरिसच्या रात्री टिपणारा छायाचित्रकार ब्रासाई पडदा उघडा ठेवायची वेळ सिगारेटवर मोजायचा. उजेड बरा असला तर गोल्वाज, अंधार दाट असला तर जाडजूड बोयार. व्यसन वगळून ही रीत मला फार पटते. घड्याळाकडे बघत थांबणं आणि निवांत थांबणं यांत फरक आहेच.

थांबण्याची दुसरी गंमत त्याच शहराने जवळजवळ शंभर वर्षं आधी दाखवली होती. १८३८मध्ये छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचं चित्र टिपलं. बग्ग्या होत्या, माणसं होती. पण काचेमागची प्लेट काही मिनिटं उघडी राहिली आणि जे जे चालत होतं ते सगळं पुसलं गेलं. उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी पाय ठेवून उभा असलेला माणूस. आपल्या फोटोतही हेच घडतं. मधूनच एखादी मोटारसायकल भर्रकन जाते. ती दिसत नाही, तिच्या मागच्या दिव्याची लाल रेघ तेवढी राहते.

हे एकदा कळलं की माणूस धीट होतो आणि स्वतःच चौकटीत शिरतो. काळा शर्ट घालायचा, हातात बॅटरीवर चालणारी लांब एलईडी ट्यूब धरायची, कॅमेऱ्याकडे तिची पाठ ठेवायची आणि पडदा उघडा असताना गाडीच्या वरून, बॉनेटपासून डिकीपर्यंत, ती एका चालीने फिरवत न्यायची. टॉर्चने हेच केलं तर ठिपक्याची वेडीवाकडी रेघ उमटते; ट्यूबने पत्र्याच्या वळणावरून सलग, शांत चकाकी येते. मघाचा फ्लॅश गाडीवर चालून गेला होता. हा उजेड तिच्या कडेकडेने जातो. आणि एवढा वेळ भिंगासमोरून चालणारा माणूस फोटोत कुठेच नसतो! सेल्फीच्या दिवसांत अशी हजेरी मला तरी सुखाची वाटते.

करून पाहायचं तर त्यासाठी महामार्गाच्या कडेला अंधारात उभे राहू नका. तो शुद्ध मूर्खपणा आहे. आपल्याच सोसायटीचं आवार बघा, वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा, हँडब्रेक लावा. आणि पहिला फोटो सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्या. तोवर आकाशात निळं शिल्लक असतं. नंतर ते नुसतं काळं येतं.