पंगतींत बसविणारें सोंवळें

सणाच्या दिवशीं पंगतींत बसूनही एखादें माणूस उपाशीं उठत असेल, तर त्या पंगतीचें पुण्य कोणाच्या पदरीं पडतें? हा प्रश्न आम्हांस कोणत्याही ग्रंथांत भेटला नाहीं. तो आमच्याच स्वयंपाकघरांत भेटला.

रत्नागिरीस मांडवीच्या काळ्या वाळूपासून हांकेच्या अंतरावर आमचें घर आहे. दिवाळीस आमचा पुतण्या पुण्याहून सहकुटुंब येतो. त्याच्या मुलीस सीलिअ‍ॅक नांवाचा विकार आहे. गव्हाचा अंश पोटांत गेला तरी तिच्या आंतड्याच्या अस्तरास इजा होते. पुतण्याच्या पत्नीनें, दुधासाठीं जनावरांना होणारे हाल मनास पटेनात म्हणून, दूध-तूप सोडलें आहे. दोन वर्षांपूर्वीं फराळाचें ताट पुढें आलें तेव्हां त्या मुलीनें करंजीकडे पाहिलें, मग आईकडे पाहिलें, आणि कोणी कांहीं बोलण्यापूर्वींच 'मला भूक नाहीं' असें सांगून ती ओटीवर जाऊन बसली. सात वर्षांच्या मुलीवर खोटें बोलण्याची पाळी आमच्या घरानें आणिली, ही गोष्ट वर्षभर आमच्या मनास टोंचत राहिली.

म्हणून गेल्या दिवाळींत नानखटाई घरींच भाजावयाची, आणि तींत गहूंही नाहीं व तूपही नाहीं, असें ठरलें. आमच्या वृद्ध आत्याबाईंनीं तें ऐकून विचारलें, "अरे, मैदा नाहीं, तूप नाहीं; मग खटाईंत राहिलें तरी काय? नांव?"

प्रश्न रास्त होता. परंतु कोंकणांतल्या माणसानें तरी तो फार ताणूं नये. आमच्या भूमीचें धान्य भात आणि नाचणी; घावन, आंबोळी, पातोळ्या, उकडीचे मोदक यांपैकीं कशासही गहूं लागत नाहीं. उलट जिला आपण परंपरेची म्हणून कवटाळतों ती नानखटाईच पाहुणी आहे. तिच्या नांवांतला 'नान' फारसी, आणि तिचें मूळ सुरतेच्या भट्ट्यांशीं जोडलें जातें. आमच्या लहानपणीं दिवाळीपूर्वीं घरोघरचे पत्रे डोक्यावर घेऊन मुलें बेकरीच्या दारांत रांग लावीत; तेव्हां ती परकी आहे असें कोणासही वाटलें नाहीं. परंपरा म्हणजे पुष्कळ वेळां आपल्याला आठवतो तेवढाच भूतकाळ होय.

शिवाय ह्या पदार्थास गव्हाची गरज सर्वांत कमी. गव्हाच्या पिठांत पाणी पडून तें मळलें गेलें म्हणजे त्यांतील चिकट प्रथिनाचें जाळें तयार होतें. पोळीस तें हवें असतें, नानखटाईस नको असतें. स्निग्ध पदार्थ भरपूर घालून आपण तें जाळें मुद्दाम होऊं देत नाहीं, म्हणूनच ती खुसखुशीत होते. आमच्या घरीं दोन वाट्या तांदळाचें पीठ, एक वाटी नाचणीचें, पिठीसाखर, वेलदोडा, जायफळ, बेताचें खोबरेल आणि मळण्यापुरतें नारळाचें दूध, एवढाच संभार होता. पहिला घाणा फसला. खोबरेल चोवीस अंशांच्या वर वितळतें आणि मांडवीची आश्विनांतली हवा त्याहून पुष्कळ उष्ण. सगळ्या खटाया पसरून एकमेकींस चिकटल्या. दुसऱ्या खेपेस पीठ अर्धा तास फ्रीजमध्यें ठेविलें. त्यानें तेल गोठलें, तांदळाच्या कणीनें ओल शोषली, आणि खटाया आकार धरून फुलल्या. भाजल्यावर त्या पत्र्यावरच निवूं द्याव्या लागतात. गरम असतां उचलल्यास भुगा होतो.

हें सर्व सोपें होतें. अवघड भाग निराळाच होता. गिरणींत गव्हामागून तांदूळ दळले तर जात्याच्या पाळीवरचा गहूं त्यांत उतरतो. म्हणून पीठ घरींच मिक्सरमध्यें दळलें. चाळणी नवी, लाटणें-परात निराळीं. आणि गव्हाचें पीठ हवेंत उडून कोठेंही बसतें, यास्तव ते चार दिवस घरांत कणीक-मैदा काढावयाचाच नाहीं असा नियम झाला. हा नियम ऐकून आम्ही क्षणभर चपापलों. निराळीं भांडीं, निराळी चूल, 'ह्यास शिवूं नको, तें तिकडे ठेव' — हें तर आमच्या आजीचें सोंवळें! ज्या रत्नागिरींत 1924 ते 1937 या काळांत सावरकर स्थानबद्ध असतां सहभोजनें झालीं, जेथें 1931 सालीं भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यबळानें पतितपावन मंदिर सर्व हिंदूंस खुलें झालें, तेथें त्या मोडलेल्या भिंती आम्ही पुन्हा बांधीत होतों काय?

विचार करतां ध्यानीं आलें कीं, कृति एकच असली तरी तिचें तोंड उलट दिशेस आहे. जुन्या सोंवळ्यांत भांडीं निराळीं ठेवीत तीं माणूस दूर ठेवण्यासाठीं. येथें भांडीं निराळीं ठेविलीं तीं माणूस जवळ बसविण्यासाठीं. तेथें विटाळ माणसाचा होता व तो मानलेला होता. येथें अपाय पिठाचा आहे व तो खरा आहे. आणि मुख्य भेद असा कीं, तेथें नियमाचा भार ज्याला वगळलें त्याच्यावर पडे. येथें तो नियम पाळणाऱ्यावर पडतो. अन्नाचा कोणताही निर्बंध नीतीचा कीं अनीतीचा हें त्याच्या कडकपणावरून ठरत नाहीं. त्याचा बोजा कोण वाहतो यावरून ठरतें.

येथें एक आक्षेप येतो. मुलीचें पथ्य शरीराच्या गरजेचें. तिच्या आईचें व्रत स्वखुशीचें. दोहोंस सारखाच मान कां द्यावा? योगायोग असा कीं, दूधही वर्ज्य करणारांची संस्था इंग्लंडांत 1944 सालीं निघाली, आणि त्याच वर्षाच्या हिवाळ्यांत हॉलंडांत दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला असतां, हा विकार गव्हामुळें होतो या डिके नांवाच्या बालवैद्याच्या मतास बळकटी आली. एकीकडे विवेक, दुसरीकडे व्याधि. आमचेंही प्रथम मत असेंच होतें कीं, व्याधीपुढें वाकावें, आवडीपुढें नव्हे. परंतु आमच्याच घरांत एकादशीचा उपास करणाऱ्यास वरीचे तांदूळ निराळे शिजवून देतांना कोणी पुरावा मागितला होता काय? दुसऱ्याच्या विवेकाशीं सहमत न होतांही त्याची बूज राखतां येते. आम्ही अजूनही तूप खातों. पण पाहुणीस तिच्या मनाविरुद्ध खावयास लावणें किंवा उपाशीं ठेवणें हा आमच्या तुपाचा हक्क नव्हे. मात्र दोहोंत जोखमीचा भेद आहे, तो विसरूं नये: आईच्या ताटांत चुकून तूप पडलें तर तिचें मन दुखावेल, मुलीच्या ताटांत गहूं पडला तर शरीर.

दुसरा आक्षेप आत्याबाईंचा. एकीसाठीं दहांनीं करंज्या कां सोडाव्या? तिला वेगळा डबा द्यावा कीं! डबा मागल्या वर्षीं दिलाच होता. तो तिनें उघडलासुद्धां नाहीं. दहांचें जातें ती एक चव, आणि तीही चार दिवसांपुरती. एकीचें जातें तें आपलेपण. या दोहोंची तागडी समान धरणें हा हिशेब नव्हे, हिशेबाचा आळस होय. तथापि त्यागाचा डंका वाजवावयाचा नाहीं, असें आम्ही सर्वांस बजाविलें होतें. 'तुझ्यासाठीं आम्हीं एवढें केलें' हें वाक्य ताटाबरोबर वाढलें म्हणजे ताट जड होतें.

दिवाळीच्या सकाळीं पत्रा निवला, तेव्हां ती मुलगी स्वतः ताटली घेऊन निघाली. आजवर तिला प्रत्येक घरीं 'हें मला चालेल का?' असें विचारावें लागे. त्या दिवशीं ती दुसऱ्यांस 'घ्या' म्हणत होती. आळीतलीं सहा घरें झालीं. आत्याबाईंनीं एक खटाई तोंडांत टाकिली, सावकाश चघळली, आणि निकाल दिला, "विरघळते छान. पण तुपाचा वास नाहीं हो." मुलगी हंसली आणि म्हणाली, "आत्याआजी, नाहीच आहे." मग तिनें ताटली पुन्हा पुढें केली, आणि आत्याबाईंनीं दुसरी उचलली.