डोमेन नावाची प्रोसेस

वेबलॉजिक हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर शिकायला आलेलं पोरगं कधी ना कधी विचारतंच, “सर, डोमेन चालू आहे की बंद?” मी म्हणतो, मशीनवर जाऊन प्रोसेस बघ. ७००१ पोर्ट धरून बसलेला अ‍ॅडमिन सर्व्हर दिसतो, मॅनेज्ड सर्व्हर दिसतात, त्यांना उठवणारा नोड मॅनेजर दिसतो. या सगळ्यांना मिळून डोमेन म्हणतात, पण डोमेन नावाची प्रोसेस कुठंच नसते. मॅनेज्ड सर्व्हरांच्या क्लस्टरचीही नसते.

मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्षू यवन राजा मिनँडरला असंच कोंडीत पकडतो. ज्यातून आलास तो रथ दाखव. आस म्हणजे रथ का? चाक? जू? राजा नाही-नाही म्हणत जातो आणि शेवटी कबूल करतो, रथ हे त्या जुळणीचं व्यवहारातलं नाव. नागसेनाचा रोख अर्थात रथावर नसून ‘मी’वर असतो.

पण ‘मग नुसतं नावच की’ म्हणून हात झटकणाऱ्यांशी माझं जमत नाही. अ‍ॅडमिन सर्व्हर पडला तरी मॅनेज्ड सर्व्हर चालत राहतात, ग्राहकाला पत्ताही लागत नाही. डोमेनच्या फोल्डरातली कॉन्फिग डॉट एक्सएमएल ही फाइल बिघडली, तर मात्र पुढच्या वेळी अ‍ॅडमिन सर्व्हरच उठत नाही. जे कुठं चालताना दिसत नाही, त्याच्याच शब्दावर बाकीचे चालतात.

आमचं आंदर मावळच घ्या. आंद्रा नदीचं खोरं. टाकवे, वडेश्वर, खांडी ही त्यातली गावं. सातबाऱ्यावर गाव, तालुका, जिल्हा एवढंच असतं. आंदर मावळाला ना ग्रामपंचायत ना कचेरी. तरी सोयरीक जुळवताना म्हातारी माणसं आधी विचारतात, पोरगी आंदर मावळातली की नाणे मावळातली? आणि त्या उत्तरावर पुढचं बोलणं ठरतं.

मिलिंदप्रश्नातच आंबेचोराचीही गोष्ट आहे. चोर म्हणतो, मालकानं लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. तरी तो सुटत नाही. हे आंबे त्याच आंब्यांतून आले ना! ‘मी’ सापडला नाही म्हणून केलेल्या कर्माचा हिशेब चुकत नाही, हे नागसेनाला पुरतं ठाऊक होतं. आपल्याकडे रथाचा दाखला सगळे देतात आणि आंब्यांचा विसरतात. माझ्या मते निम्मा नागसेन तिथंच हातचा जातो.