हिशेब मिटल्यावरची सेवा

चि. बाळ,



तुझं पत्र मिळालं. संडेस्कूल, गायनमंडळ, शनिवारी दवाखान्यातल्या रुग्णांच्या भेटी, एवढं करूनही एखादा शनिवार चुकला की देव आपल्यावर नाराज झाला असं तुला वाटतं. आणि तरुण संघातला तुझा मित्र म्हणतो, तारण कृपेनं मिळालंय, फुकट मिळालंय, मग ही धावपळ हवीच कशाला? त्याला काय सांगावं, असं तू विचारतेस. तुमचे प्रश्न एकमेकांच्या उलटे दिसतात, पण धरून बसलाय दोघंही एकच गोष्ट: सेवा म्हणजे देवाला भरायची किंमत. तू ती भरत राहतेस. तो म्हणतो, माफ झालीय तर कशाला भरू?

गलतीयातल्या मंडळ्यांपुढे असाच पेच होता. ख्रिस्तावर विश्वास ठेवलात ते ठीक, पण सुंता करून घेतल्याशिवाय काम पुरं होत नाही, असं काही लोक तिथं शिकवत होते. पौल इतका कळवळून आणि इतका चिडून क्वचितच लिहितो. गलतीकरांना लिहिलेलं ते पत्र एका बैठकीत वाच, सहाच अध्याय आहेत. पाचव्यात तो जोखड फेकायला सांगतो आणि त्याच अध्यायात एकमेकांचे दास व्हायलाही सांगतो. मार्टिन लूथरनं १५२० साली याच दोन टोकांवर एक लहानसं पुस्तक लिहिलं. मी मात्र तुला पंडिता रमाबाईंबद्दल लिहिणार आहे, कारण ही दोन्ही टोकं मला त्यांच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसतात.

रमाबाईंचं लहानपण तीर्थयात्रांत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पुराणं सांगत सगळं कुटुंब देशभर चाललं. स्नानं, उपास, दानधर्म, काही उणं ठेवलं नाही. पुढे मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात पैसा संपला, अन्न संपलं, आणि आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली बहीणभावंडं पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. पुण्य साठवण्यासाठी माणूस काय काय सोसतो, हे या बाईला कुणी पुस्तकातून शिकवायला नको होतं.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं. समाजानं ओवाळून टाकलेल्या स्त्रिया तिथं सन्मानानं राहत होत्या, आणि त्यांतल्या काही आता दुसऱ्यांची काळजी घेत होत्या. हे लोक असं का करतात, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. युक्तिवाद नव्हे, एक गोष्ट.

त्याच वाँटेजच्या भगिनींशी पुढे त्यांचे खटकेही उडाले. चर्चच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं मुकाट्यानं मान, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी कळवलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं सुटले आहे, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. ज्यांनी आसरा दिला त्यांनाच हे सांगायला केवढं बळ लागलं असेल! मला ही बाई फार आवडते ती यासाठी.

आता तुझ्या कामाची गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. आपल्या साक्षीत त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय. तोवर त्या भारतात परतल्या होत्या, त्यांची शाळा, शारदा सदन, सुरू झालं होतं, विधवा मुली शिकत होत्या, नाव झालं होतं. एवढं काम करणाऱ्या बाईला आतून समाधान नव्हतं. मग त्यांना उमगलं की लायक होईपर्यंत थांबायचं नसतं. जशी आहे तशी, रिकाम्या हातानं घ्यायचं.

आणि तुझ्या मित्राला हे जरूर सांग की त्यानंतर त्या हात जोडून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया घेऊन आल्या. सदन पुण्यात होतं, पण तिथं प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर तंबू नि झोपड्या उभ्या राहिल्या. उपाशी, आजारी, उवांनी भरलेल्या, शिव्या देणाऱ्या मुली. त्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, अक्षरं शिकवायची, शेती, विणकाम, छपाई शिकवायची. बाजारात नासवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडलं. अंधांना ब्रेल शिकवलं. मजूर संध्याकाळच्या हजेरीकडे डोळा ठेवून राबतो आणि घरची मुलगी न सांगता केरसुणी उचलते, तसा किंमत म्हणून केलेल्या आणि मोकळेपणानं केलेल्या सेवेतला हा फरक. यातलं काहीही देवाला खूश करून घेण्यासाठी उरलं नव्हतं, म्हणूनच त्या एवढ्या घाणीत, एवढ्या कृतघ्नपणातही टिकल्या, असं मी मानते. ज्याला स्वतःच्या पुण्याचा हिशेब ठेवायचा नसतो, त्याला समोरचा माणूस नीट दिसतो.

आणखी एक. शारदा सदनात हिंदू विधवांना आपल्या जातीचे सोवळ्याचे नियम पाळता यावेत, अशी सोय होती. रमाबाई स्वतः त्या नियमांतून बाहेर पडल्या होत्या. पण आपली मोकळीक त्यांनी त्या मुलींच्या गळ्यात बांधली नाही. तरीही १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून मोठं वादळ उठलं आणि पुष्कळ मुलींना घरच्यांनी काढून नेलं. प्रीतीनं केलेलं सगळं लोकांना प्रीतीचंच वाटेल, अशी हमी नसते.

तेव्हा तू असं कर. संडेस्कूलचा वर्ग दोन महिने दुसऱ्या कुणाकडे दे, पाळकसाहेबांशी मी बोलते. येत्या शनिवारी झोप काढ, आणि रात्रीच्या प्रार्थनेत त्याबद्दल क्षमा मागू नकोस. मग दवाखान्यात जावंसं वाटेल तेव्हा एकाच वॉर्डात जा, एकाच आजीजवळ बस, तिच्या मुलांची चौकशी कर. मित्राशी वाद घालू नकोस, त्यालाही सोबत ने. नाताळात दोघं इकडे या. रमाबाईंनी केडगावला सुरू केलेलं काम, मुक्ती मिशन, अजून चालू आहे, आपण दिवसभर जाऊन येऊ.

तुझी
आत्या